बाभळीचा फेरफार

महाराष्ट्रात मुरुड नावाची किमान तीन गावं आहेत. एक रायगडातलं, जंजिऱ्याच्या किल्ल्याजवळचं. दुसरं दापोलीजवळचं, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं. तिसरं आमच्याकडचं, लातूर तालुक्यातलं, लातूरहून बार्शीकडे जाताना लागणारं. पुण्यात कुणी गाव विचारलं आणि ‘मुरुड’ असं उत्तर दिलं, की समोरचा समुद्राबद्दल बोलायला लागतो. मग सांगावं लागतं, ‘ते नव्हं, लातूरचं मुरुड.’

झाडांची शास्त्रीय नावं याच पद्धतीनं चालतात. पहिला शब्द कुळाचा, दुसरा शब्द ‘त्यातलं नेमकं कोणतं’ हे सांगणारा. असं दोन शब्दांचं नाव दिलं, की जगातल्या कुठल्याही माणसाला नेमकं तेच झाड कळावं, एवढाच त्यामागचा हेतू. नाव लॅटिन वळणाचं असतं, कारण ही पद्धत बसली तेव्हा युरोपातल्या विद्वानांची ती सामायिक भाषा होती.

आता मुरुडच्या शिवारात जा. बांधावरच्या बाभळीचा फोटो काढा आणि झाड ओळखणाऱ्या दोन वेगवेगळ्या ॲपना दाखवा. एक सांगू शकेल ‘अकेशिया निलोटिका’, दुसरं सांगू शकेल ‘व्हॅचेलिया निलोटिका’. दोन्ही ॲप बरोबर आहेत. मधल्या काळात बाभळीचं नाव बदललं. ते कुणी बदललं, का बदललं आणि त्या वेळी आपण कुठं होतो, याची ही गोष्ट आहे.

१७५३चा सातबारा

स्वीडनच्या कार्ल लिनियसनं १७५३ साली ‘स्पेसीज प्लांटारम’ हा ग्रंथ काढला. वनस्पतींच्या दोन शब्दी नावांची अधिकृत सुरुवात या ग्रंथापासून धरतात. त्याआधीची नावं कितीही जुनी असली तरी नियमाच्या दृष्टीनं ती नसल्यासारखीच. त्यानंतरचा मुख्य नियम म्हणजे पहिल्याचा हक्क. एकाच झाडाला दोन नावं मिळाली असतील, तर जे आधी छापलं गेलं ते खरं.

तुळशीचंच बघा. लिनियसनं १७५३मध्ये एका झाडाला ‘ओसिमम टेन्युइफ्लोरम’ म्हटलं, म्हणजे बारीक फुलांची. पुढं १७६७मध्ये त्यानंच ‘ओसिमम सँक्टम’ हे नाव दिलं, म्हणजे पवित्र. दोन्ही झाडं एकच आहेत, हे नंतरच्या अभ्यासकांनी ठरवलं. मग चौदा वर्षं जुनं असलेलं नाव जिंकलं. शाळेच्या जुन्या पुस्तकात, काढ्याच्या बाटलीवर अजून ‘सँक्टम’ दिसतं, नव्या यादीत ‘टेन्युइफ्लोरम’. पावित्र्य गेलं आणि बारीक फुलं राहिली, पण वृंदावनातल्या तुळशीला त्याचा पत्ता नाही.

लातूरकरांच्या जिव्हाळ्याच्या तुरीचंही तेच झालं. जुन्या शेतीग्रंथांत ती ‘कजॅनस इंडिकस’ म्हणून भेटते, आता ती ‘कजॅनस कजान’ आहे. लिनियसनं तिला १७५३मध्ये दुसऱ्या कुळात घालताना ‘कजान’ हा शब्द वापरला होता. कूळ बदललं तरी जुना दुसरा शब्द सोबत न्यायचा, असा नियम आहे. म्हणून ‘इंडिकस’ मागं पडलं.

हे सगळं समजून घ्यायला आपल्याकडं एक तयार किल्ली आहे, ती म्हणजे सातबारा. जमीन तीच राहते, मालक बदलतो, तलाठ्याकडं फेरफार होतो. जुन्या मालकाचं नाव खोडून पुसून टाकत नाहीत, ते कंसात जातं आणि फेरफाराचा क्रमांक पडतो. पन्नास वर्षांनी वाद उभा राहिला, तर तो कंस आणि तो क्रमांक धरूनच मागं जाता येतं. वनस्पतिशास्त्रातही कंसाला असाच मान आहे. बाभळीचं पूर्ण नाव लिहिताना शेवटी कंसात ‘एल.’ येतं. हा एल. म्हणजे लिनियस. पहिलं नामकरण त्याचं, पुढं दुसऱ्यांनी झाड वेगळ्या कुळात नेलं, असा त्याचा अर्थ. कंस वाचता आला, की झाडाच्या नावाचा इतिहास वाचता येतो.

एकाच झाडाचे चार पत्ते

मराठवाड्याच्या झाडांची नोंद उशिरा झाली, आणि त्याला कारण राजकीय होतं. डाल्झेल आणि गिब्सन यांचं ‘द बॉम्बे फ्लोरा’ १८६१चं. थिओडोर कुक यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. महाराष्ट्रातले वनस्पती-अभ्यासक अजूनही त्याकडं वळतात. पण ते ग्रंथ मुंबई इलाख्याचे आणि आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात. इलाख्याची हद्द संपली, की कुकसाहेबांच्या ग्रंथाची हद्दही संपली.

आमच्या भागाला स्वतःचा ग्रंथ मिळाला तो प्रा. व्ही. एन. नाईक यांच्यामुळं. त्यांचा ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ १९७९मध्ये आला आणि ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ १९९८मध्ये. लातूरच्या मुलामुलींनी पहिलं पुस्तक मुद्दाम लक्षात ठेवावं. १९७९मध्ये लातूर जिल्हा अस्तित्वातच नव्हता. तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेतून वेगळा झाला. मुरुडच्या रानातलं गवत शोधायचं, तर उस्मानाबादच्या पुस्तकात शोधावं लागतं. आणि आता त्या उस्मानाबादचंही नाव धाराशिव झालं आहे.

अशी कल्पना करा, की मुरुडच्या एकाच बांधावरच्या एकाच बाभळीची फांदी वेगवेगळ्या काळात कुणी तोडली, वाळवली, कागदावर चिकटवली आणि खाली चिठ्ठी लिहिली. १९५५च्या चिठ्ठीवर लिहिलं असतं: हैदराबाद राज्य. १९५८च्या चिठ्ठीवर: मुंबई राज्य. १९७०मध्ये: जिल्हा उस्मानाबाद, महाराष्ट्र. १९८५मध्ये: जिल्हा लातूर. झाडाचं नावही असंच सरकत गेलं असतं. कुकच्या ग्रंथाप्रमाणं ‘अकेशिया अरेबिका’, मग ‘अकेशिया निलोटिका’ आणि त्याची भारतीय उपजात, आणि २००८नंतर ‘व्हॅचेलिया निलोटिका’. एवढ्या काळात झाड जागचं एक वीतभरसुद्धा हललेलं नाही.

बाभूळ कशी हरली

‘अकेशिया’ हा शब्द ग्रीक आहे, आणि तो काट्याच्या अर्थाशी जोडला जातो. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस ‘अकाकिया’बद्दल लिहितो, ते इजिप्तमधलं काटेरी औषधी झाड होतं. म्हणजे आपलीच बाभूळ किंवा तिची सख्खी. ‘निलोटिका’ म्हणजे नाईल नदीची. १७५४मध्ये लंडनच्या चेल्सी औषधी बागेचा मुख्य माळी फिलिप मिलर यानं ‘अकेशिया’ हे कुळाचं नाव रीतसर छापलं. एका माळ्यानं दिलेलं हे नाव अडीचशे वर्षं टिकलं.

तोवर कुळाचा पसारा फार वाढला होता. काटेरी असो की बिनकाट्याचं, गोल गोंड्यांचं असो की लांब तुऱ्यांचं, जगभरातली तेराशेहून अधिक झाडं ‘अकेशिया’त कोंबली गेली. त्यातली साडेनऊशेच्या आसपास ऑस्ट्रेलियातली. विसाव्या शतकाच्या शेवटी डीएनएचा अभ्यास आला आणि हे एक घराणं नाही, अनेक घराणी आहेत, हे पक्कं झालं. घर वाटून देणं भाग पडलं.

वाटणी बरोबरच होती. आपल्या लोकांनी तर ती कधीच करून ठेवली होती. बाभळीचा काटा सरळ, पांढुरका, जोडीजोडीनं येणारा. खैराचा आखूड, नखासारखा वाकडा. बाभळीला पिवळे गोल गोंडे, खैराला लांबट तुरे. मराठीत खैराला कुणी बाभूळ म्हटलं नाही. नव्या वाटणीत खैर आणि शिकेकाई ‘सेनेगॅलिया’ कुळात गेले, बाभूळ आणि हिवर एका बाजूला राहिले.

प्रश्न होता तो मूळ आडनाव कुणाकडं राहणार, हा. नियम सांगतो, की ज्या झाडाला आधार धरून कुळाचं नाव ठेवलं, त्या झाडाच्या शाखेकडं नाव राहावं. ते आधाराचं झाड होतं बाभूळ. म्हणजे ‘अकेशिया’ नाव बाभळीच्या दीडशेच्या वर भाऊबंदांकडं राहायला हवं होतं आणि ऑस्ट्रेलियातल्या झाडांना नवं नाव मिळायला हवं होतं.

२००३मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टोनी ऑर्चर्ड आणि ब्रूस मॅस्लिन यांनी प्रस्ताव मांडला, की आधाराचं झाडच बदला. बाभळीऐवजी एक ऑस्ट्रेलियन जात घ्या, म्हणजे साडेनऊशे नावं बदलावी लागणार नाहीत, थोडीच बदलतील. सोय म्हणून हा युक्तिवाद बिनतोड होता. त्यामागं भावनाही होती. ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय फूल ‘गोल्डन वॉटल’ हे अकेशियाच. दर सहा वर्षांनी आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषद भरते, तिच्या आधी नावांच्या नियमांवर मतदान होतं. २००५मध्ये व्हिएन्नात प्रस्ताव मताला आला. तो फेटाळायला साठ टक्के मतं लागणार होती. विरोधात सुमारे पंचावन्न टक्के पडली. निम्म्याहून जास्त लोकांनी नको म्हटलं, तरी बाभळीचं नाव गेलं. आफ्रिकेतल्या अभ्यासकांनी फार आरडाओरडा केला, पण २०११च्या मेलबर्न परिषदेत निर्णयावर शिक्कामोर्तब झालं.

बाभळीच्या वाट्याला आलं ‘व्हॅचेलिया’. हे नाव रॉबर्ट वाइट आणि वॉकर-आर्नॉट यांनी १८३४मध्ये दिलेलं. जॉर्ज व्हॅचेल हा ईस्ट इंडिया कंपनीचा चीनमधला पाद्री, त्याला झाडं गोळा करायचा नाद. ज्या झाडाच्या लाकडानं आमची औतं आणि बैलगाड्या चालल्या, ज्याच्या शेंगांवर शेळ्या जगल्या, ज्याच्या काडीनं चार पिढ्यांनी दात घासले, ते झाड आता या पाद्रीबुवांच्या नावानं ओळखलं जातं. आणि रस्त्याकडेला सामाजिक वनीकरणात लावलेली, बिनकाट्याची, जिला आपण ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ म्हणतो, ती मात्र ‘अकेशिया’च राहिली.

शेवंती कशी जिंकली

याच्या थोडं आधी शेवंतीवरही अशीच वेळ आली होती.

शेवंतीचं कूळ ‘क्रायसँथेमम’, लिनियसनं १७५३मध्ये दिलेलं. १९६१मध्ये सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय त्स्वेलेव्ह यांनी बागेतली शेवंती ‘डेन्ड्रँथेमा’ या वेगळ्या कुळात नेली. शास्त्राच्या हिशेबानं तेही चुकीचं नव्हतं, कारण ‘क्रायसँथेमम’चं आधाराचं झाड एक भूमध्य सागराकडची पालेभाजीवजा जात होती. पण शेवंती म्हणजे जगभर कोट्यवधींचा धंदा. रोपवाटिका, फुलबाजार, प्रदर्शनं, हौशी लोकांच्या संस्था, रंगीत कॅटलॉग, सगळीकडं ‘क्रायसँथेमम’. ग्राहक दुकानात येऊन ‘डेन्ड्रँथेमा द्या’ म्हणणार नव्हता. बागवानांनी वर्षानुवर्षं कुरकुर केली आणि बहुतेकांनी जुनंच नाव चालू ठेवलं.

१९९५मध्ये बागेतल्या झाडांच्या नामकरणावर काम करणाऱ्या पिअर्स ट्रेहेन यांनी प्रस्ताव मांडला, की आधाराचं झाड बदला, शेवंतीचीच एक जात आधार धरा. १९९९च्या सेंट लुईस परिषदेत तो मान्य झाला. शेवंतीला तिचं नाव परत मिळालं. जुनी मालकीण, ती भूमध्य सागराकडची जात, ‘ग्लेबिओनिस’ या नव्या नावानं बाहेर पडली.

दोन्ही खटल्यांत हत्यार एकच होतं, आधाराचं झाड बदलणं. दोन्हीकडं कारणही एकच दिलं गेलं: कमीत कमी गोंधळ व्हावा. पण गोंधळ मोजण्याची मापं वेगळी लागली. शेवंतीच्या वेळी नाव वापरणारी माणसं मोजली, म्हणून बागवान जिंकले. अकेशियाच्या वेळी जाती मोजल्या, साडेनऊशे विरुद्ध दीडशे. बाभळीखाली बसणारी, तिचं सरपण, डिंक आणि साल वापरणारी माणसं सेनेगलपासून लातूरपर्यंत पसरलेली आहेत. ती मोजली असती तर निकाल कुठं गेला असता, हा प्रश्न मला विचारण्याजोगा वाटतो. शेवंतीवाल्यांकडं संस्था होत्या, मासिकं होती, प्रस्ताव लिहिणारा जाणकार होता. बाभूळवाल्यांची अशी संघटना कुठं नसते.

नावाला किंमत असते, हे मराठवाड्याला शिकवावं लागत नाही. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं जुलै १९७८मध्ये केला. त्यानंतर इथल्या दलित वस्त्यांनी जाळपोळ सोसली, आणि नाव प्रत्यक्ष लागलं ते १४ जानेवारी १९९४ रोजी, ‘नामविस्तार’ म्हणून. झाडाच्या नावाची त्या लढ्याशी बरोबरी करायची नाही. पण नाव कुणाच्या मर्जीनं ठरतं, हा प्रश्न दोन्हीकडं येतो. वनस्पतिशास्त्रात तो नुकताच उघडपणे विचारला गेला. आफ्रिकेतल्या काळ्या माणसांसाठीची एक शिवी ‘काफ्रा’ या रूपात दोनशेहून अधिक नावांत बसली होती. आपल्या पांगाऱ्याची एक आफ्रिकी बहीणही त्यात होती. २०२४च्या माद्रिद परिषदेत ३५१ विरुद्ध २०५ मतांनी ठरलं, की हा शब्द ‘आफ्रा’ असा बदलायचा, म्हणजे आफ्रिकेतलं. माणसांच्या सन्मानासाठी एवढी नावं एका झटक्यात बदलण्याची ही पहिलीच वेळ.

मग मराठी नावच पुरे की

इथवर आल्यावर असं वाटणं साहजिक आहे. त्यांचं व्हॅचेलिया त्यांना लखलाभ, आपली बाभूळ बाभूळच.

अडचण अशी, की मराठी नावंही सगळीकडं एकाच झाडाला चिकटलेली नाहीत. नदीकाठी आणि पडीक रानात माजलेली वेडी बाभूळ ही बाभूळ नाहीच. ती अमेरिका खंडातून आलेली. आतापर्यंत ती ‘प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा’ होती, २०२२पासून ‘नेल्टुमा ज्युलिफ्लोरा’. तिची जुनी सोबतीण शमी मात्र ‘प्रोसोपिस’च राहिली. कुणी ‘बाभूळ लावा’ म्हटलं आणि कुणी ‘बाभूळ काढा’ म्हटलं, तर दोघांच्या मनात एकच झाड आहे का, हे आधी विचारावं लागतं. दसऱ्याला शहरात सोनं म्हणून आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं विकली जातात. आणि औषधात तर हा प्रश्न जिवाशी येतो. ‘शंखपुष्पी’ या एका नावाखाली देशात वेगवेगळ्या कुळांतल्या निदान तीन वनस्पती वापरल्या जातात, त्यात गोकर्णही आली. ‘ब्राह्मी’ म्हणून कुठं एक झाड मिळतं, कुठं मंडूकपर्णी.

उलट बाजूनं, नाव बदलल्याचा फटका अभ्यासालाही बसतो. करंजाचं घ्या. ‘पोंगॅमिया ग्लाब्रा’, ‘पोंगॅमिया पिनाटा’, ‘डेरिस इंडिका’, ‘मिलेशिया पिनाटा’, आणि आता पुन्हा ‘पोंगॅमिया पिनाटा’. करंजतेलापासून डिझेल करायचा गाजावाजा झाला, तेव्हाचं संशोधन या नावांत विखुरलेलं आहे. आजच्या नावानं शोधणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातलं बरंचसं दिसणारच नाही. माहिती कुठं गेलेली नसते, फक्त तिच्या दाराचं कुलूप बदललेलं असतं.

बागवानाची युक्ती

रोपवाटिकावाल्यांनी या सगळ्यावर आपला मार्ग काढलेला आहे. ते पाटी बदलत नाहीत. ‘सॅन्सेव्हिएरिया’ आता शास्त्रात ‘ड्रॅसिना’ झाली, पण कुंडीवर ‘स्नेक प्लांट’ असंच असतं. कोलियसची तर गंमतच. शास्त्रज्ञांनी त्याला ‘सोलेनोस्टेमॉन’ केलं, मग ‘प्लेक्ट्रँथस’ केलं, आणि २०१९मध्ये पुन्हा ‘कोलियस’ केलं. ज्यानं आळसानं पाटी बदलली नव्हती, तो बसल्या जागी बरोबर ठरला.

पण सगळ्यांना आळस परवडत नाही. २००२च्या जैवविविधता कायद्यामुळं गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. गावातल्या झाडांची नावं, उपयोग, ती कुठं उरली आहेत, हे त्यात लिहायचं. ती वही उद्या कुणी उघडली, तर नाव वाचून झाड सापडलं पाहिजे. शाळेच्या आवारातल्या झाडांना पाट्या लावणारे शिक्षक, फोटो काढून झाडं ओळखणारी मुलं, औषधी रोपं विकणारे शेतकरी, यांनाही तेच लागू आहे.

यावर चांगला धडा मिळतो तो वाळलेल्या नमुन्यांच्या संग्रहालयात. तिथं एखाद्या नमुन्याचं नाव बदललं, की नवा अभ्यासक नवी चिठ्ठी लिहितो. आपलं नाव घालतो, तारीख घालतो आणि कागदावर चिकटवतो. जुनी चिठ्ठी मात्र काढत नाहीत. शंभर वर्षांच्या नमुन्यावर चार-पाच चिठ्ठ्या एकाखाली एक दिसतात. कोणाला काय वाटत होतं आणि कधी वाटत होतं, ते सगळं तिथं शिल्लक असतं. तलाठ्याच्या कंसासारखंच.

घरच्या बागेसाठी, शाळेसाठी, गावच्या वहीसाठी एवढं पुरतं. आधी मराठी नाव, तेही आपल्या गावात म्हणतात ते. मग आजचं शास्त्रीय नाव. मग कंसात जुनं, जे पुस्तकात आणि बाटलीवर अजून आहे. शेवटी जागा आणि तारीख. क्यू उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर जुनं नाव टाकलं, की बहुतेक वेळा नवं सापडतं. फोनवर दोन मिनिटांचं काम आहे. ओळख पक्की नसेल तर फूल, शेंग आणि काट्याचा फोटो जोडून ठेवावा. नावं पुढंही बदलतील. काटा सरळ होता की वाकडा, हे फोटोत तसंच राहील.

मुरुडच्या वहीत मग अशी एक ओळ दिसेल: बाभूळ, व्हॅचेलिया निलोटिका (जुनं नाव अकेशिया निलोटिका, त्याआधी अकेशिया अरेबिका), बांधावर, मुरुड, ता. लातूर, जि. लातूर (१९८२पूर्वी जि. उस्मानाबाद, आता धाराशिव). ओळ लांबलचक आहे, पण ती वाचणाऱ्याला झाडापाशी जाता येईल. आणि पुढच्या एखाद्या परिषदेत बाभळीचा प्रश्न पुन्हा निघाला, तर हे झाड कुणाचं आहे हे सांगणाऱ्या अशा कितीतरी वह्या तोवर भरलेल्या असायला हव्यात.